एर्टिगा सीएनजी मॅन्युअल: सातजण घेऊन घाट उतरताना

सोलापुरात एर्टिगा सीएनजी म्हणजे देवदर्शनाची गाडी. अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, तुळजापूर असा फेरा. आत सातजण, डिकीत गॅसची टाकी, आणि म्हणून बॅगा टपावरच्या कॅरिअरवर. तिचं ॲव्हरेज, मागचा एसी, तिसऱ्या रांगेत गुडघे कुठे टेकतात, यावर लिहून लिहून लोक दमले. भरलेली गाडी उतारावर कशी वागते हे मात्र शोरूममध्ये कुणी विचारत नाही, आणि टेस्ट ड्राइव्हला होटगी रोडवर घाट काही मिळत नाही. हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे: पाच गिअरची मॅन्युअल सीएनजी, सगळ्या सीटा भरलेल्या, समोर उतार, तिला इंजिनवर किती धरायचं आणि ब्रेकवर किती.

मत आधीच सांगून टाकतो. उतारावर वेग धरून ठेवणं हे इंजिनचं काम, वेग घालवणं हे ब्रेकचं. एर्टिगा दोन्ही कामं नीट करते, पण भरलेली असताना पहिलं काम ती दुसऱ्या गिअरमध्ये करते, तिसऱ्यात अर्धवट. बहुतेक ड्रायव्हर तिसऱ्यात उतरतात आणि मग त्यांचा पाय ब्रेकवरून निघत नाही.

असं का, ते वजनात आहे. एप्रिल २०२२ पासून या गाडीत १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन येतं. पेट्रोलवर साधारण १०३ पीएस, सीएनजीवर ८८. रिकामी गाडी साधारण सव्वा टनाची. सातजण सरासरी ६५ किलोचे धरले तर साडेचारशे किलो त्यावर. म्हणजे घाटात खाली सोडलंय ते जवळपास १७०० किलोचं धूड, आणि त्याला मागे ओढायला दीड लिटरचं इंजिन. एकटा माणूस हीच गाडी तिसऱ्यात मजेत उतरवतो. मग त्याच अंदाजाने तो रविवारी सगळं घर घेऊन निघतो.

आता हिशेब. १७०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरली की जी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते ती साधारण १६७० किलोज्यूल. पाच लिटर थंड पाणी उकळीला आणायला एवढीच लागते. गाडी ताशी ६० वरून एकदा शून्यावर आणली तर ब्रेकवर २३६ किलोज्यूलच्या आसपास येतात. म्हणजे १०० मीटरचा उतार निव्वळ ब्रेकवर उतरणं हे साठवरून सात वेळा लागोपाठ थांबण्यासारखं, तेही मध्ये ब्रेकच्या डिस्क गार व्हायला उसंत न देता. हवा आणि टायर त्यातला थोडा वाटा उचलतात, पण ३०-४० च्या वेगात हवेचा वाटा किरकोळच.

सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर, उंचीतला फरक साधारण दोनशे मीटर. तो सगळा घाटात नाही, पण बालाघाटाच्या कडेवर जेवढा आहे तेवढा एकदम येतो. घाट लहान आहे, रस्ता चौपदरी आहे, आणि घोळ नेमका तिथेच आहे. रुंद रस्त्यावर उतार डोळ्यांना कळत नाही. कळतो तो काट्यावर: पन्नासवर असलेली गाडी रेसवर पाय नसताना सत्तरला पोचलेली असते. परतीच्या वाटेवर, दर्शनाच्या रांगेत दमून, संध्याकाळच्या उन्हात.

इंजिन गाडीला मागे ओढतं ते कसं, हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. रेसवरून पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप जवळपास मिटते. चाकं मात्र गिअरबॉक्समार्फत इंजिन फिरवत राहतात. पिस्टन खाली जाताना हवा ओढू पाहतो आणि समोर मिटलेली झडप. त्या ओढाताणीला लागणारी ताकद चाकांकडून वसूल होते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी वसुली जास्त, आणि खालच्या गिअरमध्ये तीच वसुली चाकावर कितीतरी पट होऊन पोचते. क्लच दाबला की हा सगळा व्यवहार बंद. उतारावर क्लचवर पाय ठेवून बसणारा माणूस न्यूट्रलमध्येच चाललेला असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

डिझेलचं गणित वेगळं. तिथे हवा अडवून ताकद कमी-जास्त करत नाहीत, त्यामुळे ही ओढाताण फार कमी. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलटून बरीचशी ताकद परतही करते. ट्रकला वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लागतो तो यामुळेच. जुनी डिझेल एसयूव्ही विकून एर्टिगा घेणाऱ्याने हे लक्षात घ्यावं: सीसी कमी झाले म्हणून घाबरायचं कारण नाही, पण जुन्या गिअरच्या सवयी तशाच चालतील असंही नाही.

सीएनजीवर इंजिन ब्रेक कमी लागतो, घाटात पेट्रोलवर टाकावं, असं स्टँडवर ठामपणे सांगितलं जातं. चढाला त्यात तथ्य आहे, कारण गॅसवर ताकद कमी. उताराला काही फरक नाही. ओढ हवेच्या झडपेमुळे आहे, इंधनामुळे नाही. रेस सोडल्यावर इंधन तर बंदच झालेलं असतं. पेट्रोल मॅन्युअलला स्मार्ट हायब्रिडची जोड आहे, ती उतारावर बॅटरी चार्ज करताना किंचित ओढ देते. सीएनजीला ती नाही. सातजण भरलेल्या गाडीत तो फरक पायाला जाणवण्याएवढा नाही.

आणि मग ते लाडकं वाक्य: “काय ओ, उताराला न्यूट्रल मारा की, गॅस वाचतंय.” वाचत नाही. गाडी गिअरमध्ये आहे, रेसवरून पाय पूर्ण निघालाय आणि आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा साधारण दीड हजाराच्या वर आहे, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, इंधन शून्य. न्यूट्रल मारल्यावर इंजिनला स्वतःच्या जिवावर आयडलिंग करावं लागतं, त्याला गॅस लागतोच. कार्बोरेटरच्या काळात हे वाक्य थोडंफार खरं होतं. ते इंजिन गेलं, वाक्य राहिलं.

त्याहून वाईट म्हणजे उतारावर चावीच फिरवणं. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारी व्हॅक्यूम (हवेची पोकळी) इंजिन देतं. इंजिन बंद झाल्यावर साठवलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा पेडल नीट दबतं, मग ते दगडासारखं होतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगही त्याच वेळी जड. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर कितीतरी गाड्या उडवल्या, तेव्हा इंधन वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. उलट, गिअरमध्ये रेस सोडलेली असताना व्हॅक्यूम सगळ्यात भरपूर असते. म्हणजे इंजिनवर उतरणाऱ्याला ब्रेकही जास्त चांगला मिळतो.

आता एर्टिगात प्रत्यक्ष काय करायचं. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच, ब्रेक मारून वेग पाडा आणि मग गिअर खाली घ्या. क्रम महत्त्वाचा: आधी ब्रेक, मग गिअर. वेग पाडायचं काम क्लच प्लेटकडून करून घेऊ नका. या गाडीच्या गिअरिंगला आणि १८५/६५ आर १५ टायरला तिसऱ्यात ५० च्या वेगाला आरपीएमचा काटा साधारण अडीच हजारावर येतो, दुसऱ्यात ४० ला तीन हजाराच्या जवळ. तुळजापूरच्या घाटात गाडी अर्धी भरलेली असेल तर तिसरा, ४५ ते ५०. पूर्ण भरलेली असेल, किंवा पुढे उसाची जोडट्रॉली डुलत चाललेली असेल, तर दुसरा आणि ३५ ते ४०. कसोटी एकच: रेस आणि ब्रेक दोन्हींवरून पाय काढा आणि दहा सेकंद वेगाच्या काट्याकडे बघा. वेग तसाच राहिला किंवा अगदी हळू चढला तर गिअर बरोबर. भराभर चढला तर आणखी एक खाली.

इंजिनचा आवाज वाढला की घरातली वडीलधारी मंडळी दचकतात, “अहो, गाडी रडतेय” म्हणतात. तीन-साडेतीन हजारावर इंजिन रडत नाही. या इंजिनची पूर्ण ताकदच साडेपाच-सहा हजाराच्या आसपास मिळते. रेस न देता साडेतीन हजारावर फिरणं हे त्याच्यासाठी आरामाचं काम. तेल फिरतंय, पाणी फिरतंय, आत आग नाही. इंजिन मरतं ते वेगळ्या चुकीने: शंभरच्या वेगात घाबरून पाचव्यातून थेट दुसरा टाकला, क्लच सोडला, आणि काटा एका क्षणात लाल पट्टीत. तिथे रेव्ह लिमिटर कामाचा नाही. तो इंधन तोडू शकतो, चाकांनी फिरवलेलं इंजिन थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भेटले की पुढचं बिल इंजिन उघडल्यावरच कळतं.

चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा घेताना क्लच दाबलेला असतानाच रेसला हलकासा ठोका द्या, आरपीएमचा काटा सहाशे ते हजाराने वर चढू द्या, गिअर टाका, क्लच सलग सोडा. झटका बसला नाही म्हणजे जमलं. ठोका न देता क्लच हळूहळू सोडून इंजिनला वेगात आणणारे बरेच असतात. तेव्हा इंजिनला वर खेचण्याचं काम घासणारी प्लेट करत असते. कधीमधी चालतं. रोजच्या भाड्याच्या गाडीत चालत नाही.

एर्टिगाविषयी इथे एक तक्रार आहेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधलं अंतर मोठं आहे. आंबा घाटात हे जास्त जाणवतं. सांगली-कोल्हापूरवरून रत्नागिरीला उतरणाऱ्या सोलापूरकरांना तो लागतोच. वळणांवर दुसरा अचूक बसतो, पण दोन वळणांमधल्या सरळ पट्ट्यावर दुसऱ्यात इंजिन नको तेवढं ओरडतं आणि तिसऱ्यात गाडी पळते. यावर उपाय गिअर बदलत बसणं नव्हे. दुसरा राहू द्या, मागचा हॉर्न वाजवणारा जाऊ द्या. सहा गिअरचा ऑटोमॅटिक पेट्रोलमध्ये मिळतो, त्याला स्टिअरिंगमागे पॅडलही आहेत. सीएनजीला तो पर्याय नाही. वर्षातून चार-पाच वेळा कोकणात सातजण घेऊन जाणाऱ्याने हा मुद्दा गाडी बुक करण्याआधी तोलावा.

खालच्या गिअरमध्येही वेग थोडा चढतोच. तिथे ब्रेक येतो, पण कसा मारता ते बघा. पेडलवर पाय नुसता टेकवून किलोमीटरभर उतरलात तर पॅड सतत घासत राहतात, डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही. त्याऐवजी वेग ठरवा. चाळीस ठरवले असतील तर ४५ होऊ द्या, मग तीन-चार सेकंद ठाम दाबून ३५ वर आणा, आणि पाय पूर्ण उचला. उष्णता तेवढीच निर्माण होते, पण मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो, आणि पॅड चुकून हलके घासत राहिले असतील तर तेही सुटतात. पुढच्या डिस्क हे काम चांगलं करतात. मागचे ड्रम मात्र सात सीटच्या गाडीला जुन्या वळणाचे वाटतात. ड्रमची उष्णता आत कोंडते आणि लायनरची भुकटीही.

ब्रेक गरम होऊन निकामी होण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींत पेडल वेगवेगळं बोलतं. पेडल नेहमीसारखं कडक, दाबताय जोरात, पण गाडी थांबत नाही आणि करपट वास येतो: पॅड तापलेत. दुसऱ्या गिअरमध्ये बाजूला घ्या, अर्धा तास जाऊ द्या. पेडल मऊ झालं, खाली खाली जातंय, पंप केल्यावर जरा वर येतं: ब्रेक ऑइल उकळलं, पाइपात वाफ झाली. हे जास्त धोक्याचं, कारण वाफ दबते आणि पॅडपर्यंत दाब पोचतच नाही. भराभर पंप करा, गिअर एकेक करून खाली घ्या, हँडब्रेक बटण दाबून धरून टप्प्याटप्प्याने ओढा. एकदम ओढलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल.

ऑइल उकळतं ते जुनं असतं म्हणून. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं १४० ला उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे जुन्या डॉट ४ पेक्षा नवं डॉट ३ बरं. टाकीच्या झाकणावर लिहिलेला ग्रेड वापरा आणि दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळले तर चालतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात कधीही नको. सोलापूरच्या ४३ अंशांच्या उन्हाने ब्रेक जातो ही समजूत मात्र सोडा. घाटात डिस्क दोनशे अंशांच्या वर जाते, तिला बाहेरचे दहा अंश कमी-जास्त काहीच नाहीत. ऑइलची वाट लावतो तो पावसाळा.

गॅरेजमध्ये “ब्रेकचं काम केलं” म्हणजे बऱ्याचदा नुसते पॅड बदललेले असतात. उभं राहून बघा. पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून पुसल्या पाहिजेत आणि ब्रेकच्या सिलिकॉन ग्रीसने भरल्या पाहिजेत. साधं पिवळं ग्रीस रबरी बूट फुगवतं. पिन अडकली की आतला पॅड संपतो, बाहेरचा नवाच राहतो, आणि मालक म्हणतो पॅडच खराब होते. पॅडचं मटेरिअल तीन मिलिमीटरवर आलं की बदला, चर्रर्र शिट्टीची वाट बघू नका. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, लेथवर मारण्याआधी ती मोजायला लावा. मागचे ड्रम उघडून भुकटी पुसली का, व्हील सिलिंडर ओला नाही ना, हेही त्याच वेळी. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. नवे पॅड बसवल्यावर ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग पाडा, पूर्ण थांबू नका, आणि मग पाच किलोमीटर मोकळं चालवा. हे केल्याशिवाय त्या संध्याकाळीच तुळजापूर गाठू नका.

शहरात हे सगळं उलटं. सात रस्त्याच्या सिग्नलला येताना चौथा, तिसरा, दुसरा असे गिअर मोजत उतरण्यात हुशारी नाही. सपाटीवर रेस सोडा, आहे त्या गिअरमध्ये येऊ द्या, काटा हजार-बाराशेवर आला की क्लच दाबा, आणि थांबण्याचं काम ब्रेकला करू द्या. पुढचे पॅड तासाभरात बदलून होतात. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, मेस्त्रीचा दिवस जातो, आणि प्लेटबरोबर प्रेशर प्लेट नि रिलीज बेअरिंगही बदलणंच शहाणपणाचं. स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू झिजवू नये.

इंजिन ब्रेकची एक मोठी उणीव: मागचे लाल दिवे लागत नाहीत. तुमचा वेग पडतोय हे मागच्या मोटारसायकलवाल्याला कळत नाही. गिअर खाली घेण्याआधी पेडलला दिव्यापुरता हलका स्पर्श करा. दुसरी गोष्ट पावसाची. पहिल्या सरींनंतर शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर आणतात, आणि ओली काळी माती साबणासारखी. एर्टिगाची ओढ फक्त पुढच्या दोन चाकांवर येते, स्टिअरिंगही त्याच चाकांवर. वळणात धाडकन दुसरा टाकून क्लच सोडलात तर पुढची चाकं घसरतात आणि गाडी सरळ जाते. चाकं जाम होऊ न देणारं एबीएस ब्रेकचा दाब सोडतं, तुमचा क्लच नाही. गिअर वळणाआधी, सरळ रेषेत.

घाट उतरून खाली आल्यावर लगेच वॉशिंग सेंटरला गाडी लावू नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकू शकते आणि मग ऐंशीला ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. घाटाखालच्या पहिल्या चहाला थांबताना पायाने पेडल दाबून धरत बसू नका. एका जागी दाबलेला गरम पॅड डिस्कवर ठसा सोडतो. थरथर त्यानेही येते. गाडी सपाटीवर लावा, पहिला गिअर टाका, चाकाला दगडाची उटी लावा, हँडब्रेक सैल ठेवा.

भाड्याची एर्टिगा असेल तर निघण्याआधी एक मिनिट मागा. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबा आणि दहा सेकंद तसंच धरा. कडक राहिलं तर ठीक. स्पंजासारखं लागलं तर पाइपात हवा आहे. सावकाश फळीकडे बुडत गेलं आणि कुठे गळती दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. दुसरी गाडी सांगा.